गुंजीनं सुनेला धरलं

आमच्या घरात मणी सांडला तर कुणी वाकत नाही. मणी फरशीवर टणटण उड्या मारत कपाटाखाली जातो आणि मी दुसरा मणी सुईवर घेते. जरा वेळानं कपाटाखाली खुडखुड होते. गुंजी तो मणी शोधून काढते, गालात भरते आणि आणून टाकते. पूर्वी ती माझ्या पदरात आणून टाकायची. आता सुनेच्या बॅगेत टाकते.

झालंय ते एवढंच. कुणाला सांगितलं तर हसतील. मला तसंही चारचौघांत बोलता येत नाही, तोंड उघडायच्या आधीच कान गरम होतात. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यात अक्षर मात्र चांगलं बसलं. म्हणून दुपारी माल बाजूला ठेवून लिहिते.

आमची चाळ बोरिवलीत, जंगलाच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडून रात्री बिबट्या येतो असं सगळे सांगतात. तो मी कधी पाहिला नाही. गुंज्या मात्र येतात. गुंजी खारीपेक्षा लहान असते. अंग राखेच्या रंगाचं, पोट विटकरी, शेपूट आखूड आणि शेपटाच्या टोकाला झुपका. कान इतके पातळ की उजेडात बारीक शिरा दिसतात. पुढचे पाय म्हणजे तान्ह्या बाळाचे हात. आणि गालांच्या आत दोन पिशव्या. रानात ती गुंजा वेचते, त्या लाल, काळ्या डोळ्याच्या बिया, म्हणून तिला गुंजी म्हणतात. त्या बिया ती खात नाही. नुसत्या वेचते आणि एका झाडाच्या ढोलीत नेऊन ठेवते. कशासाठी ठेवते ते तिचं तिला माहीत.

रानात ती ढोली धरते आणि घरात आली की माणूस धरते. आमच्या गल्लीत असंच म्हणतात, गुंजीनं अमकीला धरलं. धरलं म्हणजे वेचलेलं सगळं त्या एकाच माणसाकडे आणून ठेवायचं. गल्लीतल्या बहुतेक बायका काळे मणी ओवतात, खोट्या मंगळसूत्रांच्या पोती करतात. गुंजीला गुंजांच्या जागी मणी मिळाले आणि बायकांना वाकावं लागेना, असं ते जमलं. ती आणावी लागत नाही, पाळावी लागत नाही. दारावर करवंटी टांगायची, आत जुन्या लुगड्याचा तुकडा घालायचा आणि वाट बघायची. आली तर आली.

आमच्या घरची गुंजी आधी सासूबाईंची होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती त्यांच्या पदरात मणी टाकायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. सासूबाईंनीच मला सगळे नियम शिकवले. गुंजीला हातात धरायचं नाही. तिनं साठवलेले मणी जिला धरलं तिनंच काढायचे, दुसरीनं हात लावायचा नाही. काढताना सगळे काढायचे नाहीत, एक तरी मागे ठेवायचा, नाहीतर ढोली लुटली असं तिला वाटतं. आणि तिच्यासमोर पदर झटकायचा नाही. कधीच नाही. पदर झटकला की तिच्या लेखी झाड पडलं. मग ती घरात थांबत नाही, सरळ भिंतीपलीकडे जाते. आमच्या गल्लीत जेवून उठलेली बाई मांडीवरची शितं एकेक करून वेचते, पदर झटकत नाही. बाहेरचे बघतात आणि म्हणतात, काय स्वच्छ बायका आहेत.

सासूबाई गेल्या तेव्हा गुंजीनं मणी उचलणं सोडून दिलं. सांडलेले मणी आम्हीच वेचत होतो. ती करवंटीत तोंड आत करून बसायची. आमचे हे रिक्षा चालवतात. घरी आले की आधी वर बघून विचारायचे, "मॅडम अजून रजेवर का?" मी रोज सासूबाईंसारखीच पदर पसरून बसायची, मनात म्हणायची, बघ बाई, मी आहे. आणि एका सकाळी मी पोत ओवत बसले असताना ती खाली उतरली, माझ्या गुडघ्यावर चढली आणि गालातून एक मणी माझ्या पदरात सोडला. थुंकीनं ओला. मी हललेच नाही. चूल, म्हणजे गॅस, त्यावर दूध उतू गेलं तरी हलले नाही.

हे लिहायला मला लाज वाटते, पण त्या दिवसापर्यंत मला कुणी असं निवडलं नव्हतं. बघायला आलेले पाहुणेसुद्धा माझ्या मोठ्या बहिणीला बघायला आले होते. तिचं दुसरीकडे ठरलेलं निघालं, म्हणून चहा घेऊन मला पाठवलं. माणसं चांगली मिळाली, तक्रार नाही. पण मला बघायला कुणी आलं नव्हतं. गुंजी आली.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती माझी होती. गल्लीत पाण्याच्या नळावर मी गप्प उभी असायची, पण बायका माझ्या पदराच्या गाठीकडे बघायच्या. गाठीत तिचे मणी असायचे. समोर राहणारी मावशी मालवणकडची. तिच्या घरात गुंजी कधी टिकली नाही, कारण तिला पदर झटकल्याशिवाय भांडता येत नाही. ती म्हणायची, "ह्या मुक्या बायेक बरी धरल्यान." मला ते ऐकून आतून फार बरं वाटायचं.

मग मुलाचं लग्न झालं. विहारात साधंसं लग्न लागलं. सून बीकॉम झालेली, पवईला एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला. बोलायला एकदम झकास, दारातून आत यायच्या आधी आवाज आत येतो. माझ्याशीही ती बोलायची, मी हो-नाही करायची, तरी तिचं बोलणं अडायचं नाही. गुंजीला बघून तिनं पहिल्याच दिवशी टाळ्या वाजवल्या. "अय्या, कसली क्यूट आहे! आई, हिचं नाव काय?"

"गुंजी."

"ते जातीचं झालं ना. हिचं नाव?"

गुंजीला नाव ठेवायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं ठेवलं, बेबी. मला राग आला. तिच्याजवळ असलेलं काहीतरी माझ्याजवळ नाही असं वाटलं, म्हणून राग आला.

सुनेला मणी ओवता येत नाहीत. ती साडी नेसत नाही, सकाळी कुर्ता घालून, कापडी बॅग खांद्याला अडकवून जाते आणि अंधार पडताना येते. तिला पदरच नाही. त्यामुळे गुंजीबद्दल मला काही भीती वाटली नव्हती. धरायचं तर कशात ठेवणार?

एक दिवस अकराच्या सुमारास फोन वाजला. फोन मी सहसा उचलत नाही, वाजून थांबायची वाट बघते. पण तो थांबेना. उचलला तर सून हसत होती. "आई! तुमच्या गुंजीनं माझ्या बॅगेत मण्यांचं दुकान मांडलंय! लिफ्टमध्ये कार्ड काढायला हात घातला तर मूठभर मणी खाली. सगळे टाय लावलेले लोक लिफ्टमध्ये ओणवे. यार, काय हसलो आम्ही!"

मी फोन ठेवला. पदर बघितला. आठवडाभर त्यात एकही मणी आला नव्हता, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. सून संध्याकाळी आली की बॅग दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. जरा वेळात गुंजी करवंटीतून उतरायची, भिंतीवरून खिळ्यापर्यंत जायची आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात तोंड घालून गाल रिकामे करायची. माझ्या हातून सांडलेले मणी. मी दिवसभर ओवायचं, माझ्या हातून सांडायचे, आणि न्यायचे कुणाकडे, तर जी दिवसभर घरात नसते तिच्याकडे.

मी बॅग वरच्या खिळ्याला लावली. गुंजी वरच्या खिळ्यावर गेली. मी माझी बाजाराची पिशवी तिच्या बॅगेशेजारी टांगली. गुंजी माझ्या पिशवीवरून चालत तिच्या बॅगेत गेली, माझी पिशवी तिला पायरी झाली. सुनेला शेपू आवडत नाही हे मला माहीत होतं, मी डब्यात शेपू द्यायला लागले. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "आई, तुमच्या हातची शेपू खाल्ली आणि मला शेपू आवडायलाच लागली बघा." आता या पोरीचं काय करावं?

नळावर मावशीनं गाठलंच. "काय गो, गुंजी सुनेन पळवल्यान तुझी?"

मी कळशी उचलली.

"आता तरी काय बोल! आमच्याकडे असती तर मी सुनेच्या झिंज्या उपटल्या असत्या."

"तुला सून नाही मावशी," मी म्हटलं.

"म्हणून तर बोलतंय," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन कळशी जोरात आपटली.

रात्री यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, उंदरासारखं जनावर ते. त्याचं काय मनाला लावून घेतेस?" सासूबाई होत्या तेव्हा मॅडम, माझी होती तेव्हा मॅडम, आणि आता उंदीर.

एक गोष्ट तेवढी बदलली नव्हती. दुपारी, गल्ली शांत झाली की गुंजी माझ्या मांडीवर यायची आणि साडीच्या घडीत अंगाचं वेटोळं करून झोपायची. झोपेत तिचे गाल हलायचे. ती उठेपर्यंत मला पाय सरळ करता यायचा नाही, मुंग्या यायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. झोपायला काय, ऊब मिळाली की कुठेही झोपते, असंच मी धरून चालले होते. झोपण्याला गल्लीतही कुणी मोजत नाही. मणी कुणाकडे टाकते, त्यावरच सगळं.

एका रविवारी सून घर आवरायला लागली. मुलगा बाहेर गेला होता. तिनं खिळ्यावरची बॅग काढली, आत बघितलं, "ई, बिस्किटांचा चुरा," असं म्हणत दारात गेली आणि बॅग उलटी करायला दोन्ही हातांनी धरली. गुंजी खिडकीच्या गजावर बसून तिच्याकडेच बघत होती.

तिला नियम माहीत नव्हते. मी सांगितलेच नव्हते. सासूबाईंनी मला बसवून सांगितले होते, तसं मी तिला सांगायला हवं होतं. पण का सांगायचं? जिला धरलंय तिला कळतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. आता बॅग झटकली की झालं, सुनेची ढोली पडणार. मी तिथे बसले होते, हातात सुई होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर मला जन्मभर येतंच.

पण मी गुंजीकडे बघितलं. ती सुनेकडून निघाली तर माझ्याकडे येणार नाही, भिंतीपलीकडे जाणार.

"झटकू नको!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की समोरून मावशी दारात आली. सून बॅग छातीशी धरून उभी राहिली. ती मला घाबरली होती.

"झटकू नको गं," मी हळू म्हटलं. "ती बघतेय. झटकलंस तर जाईल ती. कायमची."

सून माझ्याजवळ खाली बसली. मग मला सगळं सांगावं लागलं, पदराचं, हात न लावण्याचं, एक मणी मागे ठेवण्याचं. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिनं मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "मग इतके दिवस मी मणी काढून तुमच्या वाटीत ओतत होते, सगळे काढत होते, तरी कशी थांबली ही?"

"कप्प्याच्या शिवणीत अडकत असेल एखादा."

"आई, मला आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीस."

ती पुढे वाकून बॅगेतला बिस्किटाचा चुरा बोटानं एकेक उचलायला लागली. मलाही वाईट वाटलं, पण जास्त करून मला हेच दिसत होतं की आता ती नियमही शिकली. आता काहीच राहिलं नाही.

पुढच्या वर्षी मुलानं मुलुंडला घर बघितलं. मुलुंड म्हणजे जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, मधे डोंगर नसता तर इथून दिसलं असतं. घर लहान असलं तरी स्वतःचं, आणि सुनेला पवई तिथून जवळ. दोघांनी आम्हालाही चला म्हटलं. हे म्हणाले, माझी रिक्षा, माझा स्टँड, मी कुठे जाऊ? मी काय म्हणणार. सामान बांधायला सुरुवात झाली आणि मावशीनं विचारलं ते सगळ्यांच्या मनात होतं. "गुंजी खंय जातली?"

घर वेगळं होतं तेव्हा आमच्या गल्लीत मणी सोडतात. दोघी समोरासमोर बसतात, पदर पसरतात, मधे एक मणी ठेवतात. गुंजी तो जिच्याकडे नेईल तिच्याकडे तिची करवंटी जाते. त्यावर कुणी भांडायचं नाही. मणी कुठे जाणार ते मला माहीत होतं. तरी मी त्या सकाळी माझी जुनी, मऊ झालेली सुती साडी नेसले, जिच्यात तिनं पहिला मणी टाकला होता तीच. विटली होती, काठ फाटला होता. सून बघून म्हणाली, "आई, चांगली नेसायची ना. एवढे लोक येणार." मी म्हटलं, "हीच बरी."

फार लोक नव्हते. मावशी होती, दारात दोघीतिघी शेजारणी होत्या, हे आणि मुलगा कॉटवर बसले होते. सून माझ्यासमोर ओढणी पसरून बसली. मधे एक काळा मणी. गुंजी करवंटीतून उतरली, मण्याभोवती एक फेरी मारली, उचलला, गालात टाकला. तिनं माझ्याकडे तोंड केलं. खरंच केलं. मग वळली आणि सुनेच्या ओढणीत गेली. मणी ओला होऊन तिथे पडला.

मावशी हळूच म्हणाली, "झाला."

कुणाकडे बघायला नको म्हणून मी खाली मान घातली, आणि तेवढ्यात पायाला तिची नखं लागली. गुंजी ओढणीतून निघून माझ्याकडे आली होती. मांडीवर चढली, साडीची घडी शोधली, दोनदा गोल फिरली आणि सगळ्यांच्या देखत झोपली.

"आता गे?" मावशी म्हणाली. "आता काय, अर्धी अर्धी कापूची?"

कॉटवरून हे म्हणाले, "नियमानं मणी सुनेकडे गेला. मॅडम मुलुंडला."

मी वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले. मला वाटलं जिंकल्याचा आनंद असेल. ती म्हणाली, "मला नको आई."

"नको काय? तुला धरलंय."

"कसलं धरलंय! सामान ठेवते ती माझ्याकडे. गोदाम आहे मी तिचं." ती ओढणीतला मणी बघत बोलत होती. "रविवारी मी किती वेळा मुद्दाम बसायचे. तुमच्यासारखी मांडी घालून, न हलता. एकदा तरी माझ्याकडे झोपेल म्हणून. ढुंकून बघायची नाही. तुमच्याकडे यायची आणि डाराडूर. मला इतका राग यायचा ना तुमचा. म्हणजे, सॉरी, पण यायचा."

"झोपायला काय," मी म्हटलं, "झोप कुठेही लागते."

"नाही लागत आई. मला इथे आल्यावर कितीतरी महिने लागली नव्हती."

मांडीवर गुंजीचे गाल हलत होते. समोर बसलेली ही पोर माझ्यावर जळत होती, मी तिला शेपूचे डबे देत होते त्याच दिवसांत, त्याच घरात. माझ्यावर कुणी जळावं असं काही माझ्याजवळ असेल हे मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला लिहू, त्याचं मला वाईट वाटलं नाही. छान वाटलं.

गुंजी माझ्याकडे राहिली. मावशीनं गल्लीभर सांगितलं की असा निकाल कधी झाला नव्हता.

दोघं मुलुंडला गेली. घर एकदम मोठं झालं. मी पहिल्याच दिवशी पदर पसरला, म्हटलं आता कोण आहे दुसरं? मणी सांडला. गुंजीनं उचलला, गालात भरला. माझ्याकडे आली नाही. खिळ्याकडे गेली. खिळा मोकळा होता. ती वास घेत बसली, मग परत फिरली. दुसऱ्या मण्याचंही तेच. तिसऱ्याचंही तेच. गाल फुगत गेले, गालगुंड झाल्यासारखे. दुपारी माझ्या मांडीवर आली तीही तशीच भरल्या तोंडानं. मी तिच्या आवडीचं, भिजवलेले शेंगदाणे ठेवले. तोंडात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीही तिनं काही खाल्लं नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, मोठ्यानं, घरात एकटी असताना, "अगं टाक की माझ्या पदरात, माझा पदर काय काट्यांचा आहे?" ती बघत राहिली.

मग मी फोन घेतला. यांना सांगितलं असतं तर यांनी केला असता, पण हे रिक्षावर. मुलाचा नंबर वर होता, तरी मी सुनेचा लावला.

"आई? तुम्ही फोन केलात? काय झालं, बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ती गाल रिकामे करत नाही."

"कोण?" आणि मग, "अरे देवा. खात नाहीये?"

"नाही."

"आलेच."

ऑफिसातून ती मुलुंडला गेलीच नाही, उलट्या दिशेला बोरिवलीला आली. दारातून आवाज नाही, काही नाही, धापा टाकत आत. बॅगेतला डबा, चार्जर, छत्री, कागद सगळं काढून कॉटवर ओतलं आणि रिकामी बॅग खिळ्याला अडकवली. गुंजी करवंटीतून बघत होती. उतरली. बॅगेच्या कप्प्यात तोंड घातलं आणि मण्यांचा टपटप आवाज आला, कितीतरी वेळ येत राहिला. मग ती शेंगदाण्यांवर बसली.

आम्ही दोघी जमिनीवर बसून तिचं खाणं बघत होतो. सून म्हणाली, "बॅग इथेच राहू दे. मी दुसरी घेते." जाताना तिनं तिचं सामान माझ्या बाजाराच्या पिशवीत भरून नेलं.

आता बॅग खिळ्यावर असते. मणी त्यातच जातात. पण ते काढायचे तिनंच, नियम आहे, मला हात लावता येत नाही. माल पुरा करायचा तर त्या मण्यांची गरज पडते. म्हणून कप्पा भरला की मी तिला फोन लावते. मला फोनवर फार बोलता येत नाही. मी म्हणते, "बॅग भरली." ती म्हणते, "येते." त्या रविवारी ती येते, मणी काढते, एक मागे ठेवते, जेवते, मुलुंडच्या शेजारणींच्या गोष्टी सांगते. शेपू असेल तर मागून घेते.

मी जळते अजून. ती येणार त्या दिवशी गुंजीला आधीच कळतं, खिळ्याजवळ जाऊन बसते आणि दाराकडे बघत राहते. माझ्यासाठी ती अशी कधी बसली नाही, मी कधी कुठे गेलेच नाही म्हणा. सून आत आली की तिच्या खांद्यावर चढते. मी आत चहा टाकते आणि कप जरा आपटते.

पण कप्पा लवकर भरत नाही. माझा हात इतक्या वर्षांत बसलेला आहे, दिवसात फारसे मणी सांडत नाहीत. मग मधे बरेच रविवार कोरडे जातात. काल दुपारी मी कप्पा चाचपून बघितला, बाहेरून, आत हात न घालता. जेमतेम अर्धा होता. परत ओवायला बसले, गुंजी मांडीवर येऊन झोपली. गल्लीत कुणी नव्हतं. मी मण्यांची वाटी उचलली आणि फरशीवर पालथी केली.

मांडीवरची गुंजी जागी झाली, कान उभे केले आणि कामाला लागली.